विहिरीवरचं सिरियल पोर्ट, ईमॅक्सच्या खिडकीत: प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

सकाळी आप्पांचा फोन. "लाइट बाराला आली आणि मोटर लागली पाऊण वाजता. बसलो होतो वाट बघत. शेवटी बॅटरी घेऊन निघालोच होतो, तर तुझी काकू दारात आडवी उभी राहिली."

काकूनं बरोबर केलं. ओतूरला आमच्या विहिरीची वाट दोन्ही अंगांनी उसातून जाते. रात्री तिथून एकट्यानं जायचं नाही, हे जुन्नर तालुक्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. बिबट्याची पिल्लं ऊसतोडीत सापडतात तो हा भाग. मोटर आपोआप लावणारा हा कंट्रोलर मी केला तोच मुळी रात्री कुणाला विहिरीवर जावं लागू नये म्हणून.

आमच्या शेतीच्या वीज-फीडरला सध्या शुक्रवार ते सोमवार रात्रीची पाळी आहे. लाइट आली की कंट्रोलर तिन्ही फेज बघतो, विहिरीत पाणी आहे का बघतो, साठ सेकंद थांबतो आणि रिले ओढून स्टार्टर लावतो. साठ सेकंदांची पंचेचाळीस मिनिटं कशी होतात, ते शोधायचं आहे.

आत नॅनो हा लहानसा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. काय चाललंय ते तो सिरियल पोर्टवर सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं लिहीत असतो, तेही मराठीत, कारण मी पुण्यात असताना धाकटा भाऊ ओटीजी केबल लावून फोनवर वाचतो. आजवर तेवढ्यावर भागलं. आता मला तीन गोष्टी हव्यात: कोड आणि बोर्डाचं बोलणं एकाच पडद्यावर, प्रत्येक ओळीपुढे वेळ, आणि मागचं सगळं शोधता येईल असा साधा मजकूर. दिवसभराचं माझं काम ईमॅक्स या एडिटरमध्येच चालतं, तेव्हा सिरियल टर्मिनलही त्यातच बसवणार.

५ डिसेंबर, गुरुवार

मिनिकॉम या जुन्या सिरियल टर्मिनल प्रोग्रामपासून सुरुवात केली, कारण हाताला तीच सवय आहे. १९९१ मध्ये मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी डॉसवरच्या टेलिक्सच्या धर्तीवर तो लिहायला घेतला. मोडेमचा जमाना सरला, मिनिकॉम अजून रोज कामाला येतो.

ईमॅक्सच्या साध्या शेल बफरमध्ये (बफर म्हणजे ईमॅक्समधलं मजकुराचं पान) तो उभाच राहत नाही. तो बफर स्वतःला 'डंब' टर्मिनल म्हणवतो. आलेला मजकूर खाली जोडत जाणं एवढंच त्याला येतं, कर्सर पडद्यावर हवा तिथे नेता येत नाही. मिनिकॉमला चौकटी आणि तळाची पट्टी रंगवायची असते. म्हणून एम-एक्स (ईमॅक्सला आज्ञा द्यायची कळ) दाबून अन्सी-टर्म उघडून त्यात चालवला, तिथे नीट आला.

बोर्डाच्या ओळी दिसत होत्या, पण मी टाइप केलेलं एकही अक्षर पोचत नव्हतं. हा जुनाच फास आहे. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो. समोरून 'पाठव' असा सीटीएसचा इशारा आला नाही, तर तो अक्षरं धरून ठेवतो. आपल्या जोडणीत ती तार नसतेच. कंट्रोल-ए, मग ओ, सिरियल पोर्टच्या पानावर जाऊन ते बंद केलं आणि तसंच जतन केलं.

खरी अडचण त्यानंतर कळली. दहा मिनिटं चालवून मागची एक ओळ शोधायला गेलो, तर बफरमध्ये फक्त समोरचा पडदा होता. तळाची पट्टी जागेवर ठेवायची म्हणून मिनिकॉम तिच्या वरचाच भाग सरकवतो, आणि वरून गेलेल्या ओळी ईमॅक्सच्या हाती लागत नाहीत. इतिहास मिनिकॉमच्या पोटात राहतो. म्हणजे एडिटरच्या खिडकीत मला मजकुराचं चित्र मिळालं, मजकूर मिळाला नाही. ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हातात नाही. मिनिकॉम इथेच थांबवला.

८ डिसेंबर, रविवार

एम-एक्स सिरियल-टर्म. ही सोय ईमॅक्सच्या २३.१ आवृत्तीत, २००९ साली आली, डॅनियल एंगेलर यांच्या कामातून. मध्ये दुसरा प्रोग्राम नाही, ईमॅक्स स्वतः पोर्ट उघडतो. पोर्ट कोणतं आणि वेग किती, एवढं विचारतो आणि बफर उघडतो. वेग आणि ८-एन-१ ची मांडणी (आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट) खालच्या मोड-लाइनवर दिसते, तिथेच क्लिक करून बदलता येते.

त्याआधी पोर्टाची परवानगी. माझ्या लिनक्सवर यूएसबी सिरियल पोर्ट डायलआउट नावाच्या गटाकडे असतं. त्या गटात स्वतःला घालून लॉगआउट करून परत आलो. नुसतं नवं टर्मिनल उघडून भागत नाही, गट लॉगिनच्या वेळी ठरतात. आणखी एक: नॅनोवरच्या सीएच-३४० चिपला स्वतःचा वेगळा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे दोन बोर्ड लावले तर कोणता कोणता हे नावावरून कळत नाही. म्हणून पोर्ट 'बाय-पाथ' खालच्या नावानं उघडतो, म्हणजे लॅपटॉपच्या कोणत्या खाचेत लावलाय त्यावरून.

सिरियल-टर्मला दोन मोड आहेत आणि इथे हात बसायला वेळ लागतो. कॅरेक्टर मोडमध्ये दाबलेली जवळजवळ प्रत्येक कळ थेट बोर्डाकडे जाते. सवयीनं शोधायला कंट्रोल-एस दाबलं आणि बोर्डानं उत्तर दिलं: "आज्ञा कळली नाही". शोधायचं तर आधी कंट्रोल-सी कंट्रोल-जे करून लाइन मोडमध्ये यायचं. मग बफर नेहमीच्या मजकुरासारखा वागतो, शोधा, कॉपी करा, काहीही करा. परत बोर्डाशी बोलायला कंट्रोल-सी कंट्रोल-के. कागदावर लिहून टेबलाला चिकटवलं आहे: जे म्हणजे वाचायला, के म्हणजे बोलायला.

बफर काही हजार ओळींनंतर वरून कापला जातो. टर्म-बफर-मॅक्सिमम-साइझ शून्य केलं की कापणी बंद. रात्रभराच्या नोंदींसाठी हे आधीच करून ठेवलेलं बरं.

नवा कोड चढवताना 'पोर्ट गुंतलेलं आहे' असं येतं. ईमॅक्स पोर्ट उघडताना ते फक्त स्वतःसाठी राखून घेतो, आणि मला ते योग्यच वाटतं. दोन प्रोग्राम एकाच पोर्टवर बसले की अक्षरं दोघांत वाटली जातात आणि दोघांनाही अर्धीच ओळ मिळते. एक छोटं फंक्शन लिहिलं: पोर्ट सोड, कोड चढव, चढवणं संपल्यावर पोर्ट परत धर.

११ डिसेंबर, बुधवार

आजचं काम वेळेच्या शिक्क्याचं. या नोंदीवर जरा रेंगाळतो, कारण इथे जे कळलं ते पुढे कायम उपयोगी पडणार आहे.

ईमॅक्समध्ये पोर्टवरून आलेला मजकूर एका फिल्टर फंक्शनकडे जातो. सिरियल-टर्मचं स्वतःचं फिल्टर मजकूर पडद्यावर मांडतं. मी त्याच्या आधी माझं फिल्टर बसवलं: आलेल्या तुकड्यापुढे वेळ लावून दुसऱ्या नोंदवही-बफरमध्ये लिहायचं, मग मूळ फिल्टरला द्यायचं. पहिला निकाल असा आला:

२१:१४:०७ विहिरीत पा
२१:१४:०७ \३४०\२४४
२१:१४:०७ \२४३ी आहे

'पाणी' मोडलं, मधलं अक्षर फुटलं आणि एका ओळीवर तीन शिक्के बसले. मूळ सिरियल-टर्मच्या बफरमध्ये मात्र हीच ओळ व्यवस्थित होती.

कारण दोन, पण मूळ एकच. फिल्टरला ओळी मिळत नाहीत, तुकडे मिळतात. ९६०० च्या वेगात सेकंदाला ९६० बाइट येतात, कारण आठ बिटांच्या आगेमागे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट धरून एका बाइटचे दहा बिट होतात. ईमॅक्सला सवड मिळेल तेव्हा जेवढे बाइट जमले असतील तेवढ्यांचा एक तुकडा. ओळ कुठे संपते याच्याशी त्या तुकड्याला काही देणंघेणं नाही. दुसरं, यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. 'पाणी' म्हणजे प, काना, ण, वेलांटी: चार चिन्हं, बारा बाइट. 'ण' चे तीन बाइट अष्टमानात ३४०, २४४, २४३. तुकडा दोन बाइटांनंतर तुटला, तर उरलेल्याचं अक्षर कसं होणार? इंग्रजी संदेश असते तर अक्षर फुटण्याचा हा दोष मला कधी दिसलाच नसता, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट.

मूळ फिल्टर हे सांभाळतं. ते कच्चे बाइट घेतं आणि शेवटी अर्धवट राहिलेले बाजूला ठेवून पुढच्या तुकड्याला जोडतं. मीही तेच करायला हवं होतं. आता माझं फिल्टर आलेले बाइट एका झोळीत टाकतं, झोळीत ओळ-संपल्याचं चिन्ह दिसलं की तिथपर्यंतचा मजकूर काढतं, मग यूटीएफ-८ म्हणून उलगडतं, मग शिक्का लावतं. उरलेलं झोळीतच. ओळ पूर्ण होण्याची वाट बघितली, तेवढ्यानं शिक्का आणि अक्षरं दोन्ही दुरुस्त झाली. वेळ मात्र ओळीचा पहिला बाइट आला तेव्हाची धरतो, शेवटच्या बाइटाची नाही.

२१:५२:४० विहिरीत पाणी आहे

ही एक ओळ नीट उमटलेली बघून फार बरं वाटलं.

रात्री बोर्डाच्या बाजूनं एक भर घातली. बोर्डावरच्या एटीमेगा-३२८ चिपमध्ये ती कशामुळे रीसेट झाली ते सांगणारं रजिस्टर असतं: १ म्हणजे नव्यानं वीज आली, २ म्हणजे रीसेटच्या पायावरून, ४ म्हणजे व्होल्टेज खाली गेलं, ८ म्हणजे वॉचडॉग, अडकलेल्या चिपला रीसेट करणारा टायमर. माझ्या बोर्डावरचा बूटलोडर (नवा कोड चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) ते माझ्या कोडच्या आधीच पुसून टाकतो. म्हणून बूटलोडर काढून कोड आयएसपी प्रोग्रामरनं थेट चढवला. सुरू होताच पहिली ओळ आता 'सुरुवात, कारण' आणि आकडा.

१५ डिसेंबर, रविवार, ओतूर

शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही रात्री लॅपटॉप विहिरीवरच्या खोलीत ठेवला. चार्जर न लावता, बॅटरीवर, कारण बाजूलाच ४१५ व्होल्टचा स्टार्टर आहे. दोन्ही रात्री मधेच एकही रीसेट नाही, साठ सेकंद, मोटर चालू. काहीही बिघाड नाही.

आप्पा म्हणाले, "तू आलास की नीट चालतं बघ." त्यांचा आनंद समजतो, पण मला हे पटत नाही. लॅपटॉप लावला की बिघाड नाहीसा होतो, ही खूण आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

खूण कळली. पुण्याला येताना नारायणगावच्या पुढे गाडीत डोक्यात आली आणि आज टेबलावर तपासली.

यूएसबी केबल फक्त बोलणं नेत नाही, ५ व्होल्टही देते. कंट्रोलरला वीज एका लहान ट्रान्सफॉर्मरमधून येते: २३० चे ९ व्होल्ट, मग डायोड ब्रिज, मग ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर. ती वीज डळमळली तरी लॅपटॉपची वीज बोर्डाला सावरून धरत होती. मी मोजायला गेलो आणि मोजण्याच्या केबलनंच रोग झाकला.

तेव्हा आता बोर्डाची यूएसबी वापरायचीच नाही. वेगळा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घेतला आणि फक्त दोन तारा जोडल्या: बोर्डाचा टीएक्स (पाठवणारा पाय) अडॅप्टरच्या आरएक्सला (घेणाऱ्या पायाला), आणि ग्राउंड. ५ व्होल्टची तार नाही, डीटीआर नाही. डीटीआर नसल्याचा आणखी एक फायदा: नॅनोचं नेहमीचं पोर्ट उघडलं की त्या तारेमुळे बोर्ड एकदा रीसेट होतो, आणि नोंदीत एक खोटी सुरुवात येते. तीही गेली. या जोडणीत बोर्डाशी बोलता येणार नाही, फक्त ऐकता येईल. सध्या मला ऐकायचंच आहे.

२२ डिसेंबर, रविवार, ओतूर

रात्री मी, धाकटा भाऊ आणि आप्पा, तिघं जीपनं विहिरीवर गेलो, खोलीचं दार लावून बसलो. लाइट बारा वाजून तीन मिनिटांनी आली. नोंदवही-बफरमधून, पुढच्या सुरुवातींनंतरच्या त्याच त्या ओळी गाळून:

००:०३:११ सुरुवात, कारण १
००:०३:१३ तिन्ही फेज आहेत
००:०३:१३ विहिरीत पाणी आहे
००:०३:१४ थांबतो, ६०
००:०३:४२ सुरुवात, कारण ४
००:०४:१५ सुरुवात, कारण ४
००:०५:०९ सुरुवात, कारण ४

प्रत्येक वेळी साठ पूर्ण व्हायच्या आत कारण ४, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मीटरवर फेजचं व्होल्टेज दर वेळी एकदम पडून १४५ च्या आसपास दिसत होतं. आमची मोटर अजून लागलेलीही नव्हती. आजवर मी आमच्याच स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरवर संशय धरून होतो, तो या तीन वेळांनी साफ खोडला.

भाऊ दाराच्या फटीतून कान देऊन उभा होता. पुढचा 'कारण ४' पडद्यावर उमटायच्या क्षणीच तो म्हणाला, "ही ओढ्यापलीकडची मोटर लागली." त्यापुढच्याला, "ही वरच्या आळीची." मग सगळं उलगडलं. आमच्या डीपीवर, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, अकरा मोटरी आहेत, जवळजवळ सगळ्यांना ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप लावणारी डबी. पाच एचपीची मोटर चालताना साडेसात अँपियरच्या आसपास घेते, पण थेट लागते त्या क्षणी त्याच्या पाच-सात पट. डीपी ६३ केव्हीएची, म्हणजे फेजला पूर्ण भार साधारण ८४ अँपियर. दोन-तीन मोटरी एकदम उठल्या की तेवढ्यात व्होल्टेज बसतं. ते बसलं की आमचा बोर्ड रीसेट होतो. शेजारच्या काही ऑटोही कमी व्होल्टेजला सुटतात, थोड्या वेळानं परत लागतात, आणि परत सगळ्यांना खाली ओढतात. पंचेचाळीस मिनिटं डीपीवरची शेतं एकमेकांच्या मोटरी पाडत होती.

आमच्या बोर्डाचं गणित तिथेच वहीत मांडलं. १४५ व्होल्टला ट्रान्सफॉर्मर ९ ऐवजी सुमारे ५.७ देतो. त्याचं शिखर ८, ब्रिजमध्ये १.४ जातात, उरतात ६.६. त्यातून कपॅसिटरवरच्या लहरीचा खड्डा वजा. ७८०५ ला ५ व्होल्ट द्यायला आत किमान ७ लागतात. बोर्डाची रीसेटची मर्यादा मी ४.३ वर ठेवली आहे. ती खाली आणून बिघाड झाकता येईल, पण १६ मेगाहर्ट्झवर चालणारी चिप कमी व्होल्टेजला काहीही करू शकते आणि तिच्या हातात मोटर आहे. मर्यादा आहे तिथेच राहील.

आप्पा बराच वेळ पडद्यावरच्या ओळी वाचत बसले. मराठी होत्या म्हणून वाचता आल्या. म्हणाले, "म्हणजे दोष आपल्या एकट्याचा नाही. आणि उपायही एकट्यानं होणार नाही."

२५ डिसेंबर, बुधवार

ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ काढले. त्या जागी १०० ते २४० व्होल्टवर चालणारा ५ व्होल्टचा एसएमपीएस, मोबाइलच्या चार्जरसारखा. टेबलावर व्हेरिअ‍ॅकनं व्होल्टेज हळूहळू १२० पर्यंत उतरवलं, 'कारण ४' आला नाही.

कोडमध्ये एक ओळ वाढवली: दर सेकंदाला फेजचं व्होल्टेज छापायचं. रात्रभराच्या हजारो ओळी होतील, पण आता त्याची भीती नाही. ईमॅक्सच्या ऑकर आज्ञेनं हव्या त्या ओळींची वेगळी यादी निघते, आणि यादीतल्या ओळीवर एंटर दाबलं की नोंदीत नेमक्या त्या वेळेवर जातो.

आप्पांनी तिकडे वेगळं काम केलं. नोंदीची प्रत भावाकडून छापून घेतली आणि डीपीवरच्या दहाही घरी जाऊन दाखवली. प्रत्येकाच्या ऑटोला थांबण्याची वेळ लावायचा नॉब असतोच. कोणी किती मिनिटांवर लावायचा त्याची यादी केली: ओढ्यापलीकडचे पहिल्या मिनिटाला, वरची आळी दुसऱ्या-तिसऱ्याला, असं करत आमचा नंबर अकरावा. "आपण सांगायला गेलो, मग आपण शेवटी," असं ते फोनवर म्हणाले. कोडमध्ये ६० चे ६६० केले.

२९ डिसेंबर, रविवार, ओतूर

काल रात्री लाइट ११:५८ ला आली. आज सकाळी नोंद घरी आणून उघडली. 'कारण ४' शोधला, एकही नाही. ऑकरनं १८० च्या खालच्या ओळी काढल्या तर दहाच निघाल्या, एकमेकींपासून साधारण मिनिटाच्या अंतरावर, आणि सर्वांत खालची १७१. आमची ओळ त्यांच्यानंतर:

००:०९:१४ मोटर चालू

आप्पा तेव्हा झोपलेले होते. सकाळी कांद्याच्या वाफ्यात पाणी बघून त्यांना कळलं.

यूएसबी-टीटीएल अडॅप्टर आणि दोन तारा खोलीतच, बोर्डाच्या डबीत ठेवल्या आहेत. डबीवर मार्करनं लिहिलं: यूएसबी लावू नका, या दोन तारा लावा.